डेटावांचून फोन

पौडावरून ताम्हिणीच्या घाटाकडे जाणारा रस्ता माल्यापुढें गेला कीं मुळशीचा तलाव दिसूं लागतो. पावसाळ्यांत या तलावाची शोभा पाहण्यास पुण्याहून गाड्यांची रीघ लागते. परंतु त्या पाण्याखालीं गांवें आणि भाताचीं खाचरें बुडालेलीं आहेत, याची आठवण त्या गर्दींत फार थोड्यांस असते. १९२१ सालीं एप्रिलच्या १६ तारखेस, रामनवमीच्या दिवशीं, येथील मावळ्यांनीं या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला आणि सेनापति बापटांचें नांव त्या लढ्याशीं कायमचें जोडलें गेलें. लढा हरला, धरण उभें राहिलें. पूर्वेस वाहणाऱ्या मुळेचें पाणी अडवून तें पश्चिमेस सह्याद्रीच्या पायथ्याशीं उतरविण्यांत आलें, आणि १९२७ सालीं भिरा येथें त्यापासून वीज होऊं लागली. ती वीज तारांवरून मुंबईस गेली. ज्यांचीं शेतें तिच्यासाठीं बुडालीं, त्यांच्या घरांत मात्र त्यानंतरहि कित्येक वर्षें रॉकेलची चिमणीच मिणमिणत होती.

डोक्यावरून जाणारी व घरांत न उतरणारी संपत्ति, हा मुळशीकरांचा अनुभव असा जुना आहे. आज त्याच डोक्यावरून दुसरी एक वस्तु जात आहे. ती तारेवांचून जाते एवढाच फरक. मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकास हिंजवडी आहे, आणि तेथील संगणकाच्या कंपन्यांत देशोदेशींचे हिशेब चालतात. त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकास, घाटमाथ्यावर, फोनची रेंज एका वळणावर येते व पुढच्या वळणावर जाते. यांत चमत्कार कांहीं नाहीं. मोबाईलच्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेनें जातात. मध्यें डोंगर आला कीं त्याच्या पलीकडच्या खोऱ्यांत त्यांची सावली पडते. उन्हाची सावली दिसते, ही दिसत नाहीं, इतकेंच. टॉवर उभारणाऱ्या कंपनीस एका टॉवरखालीं हजारों गिऱ्हाइकें हवीं असतात आणि डोंगरांतील वाडीवर दहा-वीस उंबरे असतात. तेव्हां ही सावली हटविण्याची घाई कोणास असणार? रिचार्जचा दर मात्र हिंजवडीस जो, तोच वाडीवर. रेंज जेथें अर्धी तेथें पैसेहि अर्धे, असें कोणी म्हणत नाहीं.

या रिचार्जची कथा थोडी मागून पाहिली पाहिजे. भारतांत मोबाईलवरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता व दिल्ली यांच्यामध्यें झालें. त्या काळीं बोलणारा तर पैसे देईच, पण ऐकणाराहि देई. २००३ पासून ऐकणें फुकट झालें आणि फोन गरिबाच्या खिशांत आला. थोडी शिल्लक घालून ठेवावी, कामापुरतें बोलावें, एरवीं फोन नुसता वाजूं द्यावा, अशी काटकसरीची वहिवाट पडली. मिस्ड कॉल ही तर त्या काळांतील भारतीय कल्पकतेची खूणच होय. एकदां वाजला तर सुखरूप पोंचलों, दोनदां वाजला तर गाडी चुकली. पैसा न खर्चतां निरोप मिळे. २०१६ च्या सप्टेंबरापासून डेटा अतिशय स्वस्त झाला व इंटरनेट घरोघर गेलें, हें खरेंच. परंतु त्याच लाटेंत बोलण्याची ती जुनी स्वस्त वहिवाट वाहून गेली. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनीं किमान रिचार्जची अट घातली. ठराविक मुदतींत पैसे भरले नाहींत तर आधीं जाणारे व मग येणारेहि फोन बंद. पुढें पुढें तर पॅक म्हटला कीं त्यांत बोलणें, संदेश व डेटा हीं तिन्ही एकाच पुडींत बांधलेलीं असत. ज्यास मीठ हवें त्यानें साखरेचेहि पैसे द्यावे, असा हा न्याय. पॅकचा महिनाहि अठ्ठावीस दिवसांचा; त्यामुळें वर्षाचे महिने तेरा होतात. पंचांगांत अधिक मास सुमारें तीन वर्षांनीं येतो, रिचार्जमध्यें तो दरवर्षीं येई. जानेवारी २०२२ मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, तीस दिवसांचा निदान एक पॅक प्रत्येक कंपनीनें ठेवलाच पाहिजे असें फर्माविलें, तेव्हां या गणितांत थोडी दुरुस्ती झाली.

पुडीचा हा जाच सर्वांस सारखा नाहीं. शहरांतील तरुणास डेटा हवाच असतो. त्याचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु घाटमाथ्याजवळच्या वाडीवर एकटी राहणारी एखादी म्हातारी डोळ्यांपुढें आणावी. मुलगा पिरंगुटच्या कारखान्यांत किंवा पुण्यास; त्यानें नवा फोन घेतला आणि जुना स्मार्टफोन आईकडे आला. तिला त्यांत चित्रपट पाहावयाचे नाहींत. मुलाचा आवाज ऐकूं यावा, आणि आंबेमोहोर झोडून झाला हें त्याला सांगतां यावें, एवढेंच तिचें काम. तेवढ्यासाठीं दरमहा डेटाचेहि पैसे भरावे, आणि तो डेटा रेंजच नसल्यामुळें फुकट जावा! बरें, रिचार्ज करूं नये म्हटलें तर तेंहि सोपें नाहीं. कारण फोनचा नंबर हा आतां नुसता नंबर उरलेला नाहीं. बँकेचें खातें, आधार, निराधारांच्या अनुदानाचा निरोप हीं सारीं त्या दहा आंकड्यांस बांधलेलीं असतात. नव्वद दिवस नंबराचा कसलाच उपयोग झाला नाहीं तर कंपनी तो बंद करूं शकते, आणि त्यानंतर आणखी नव्वद दिवस लोटले कीं तो दुसऱ्या कोणासहि दिला जाऊं शकतो. मग म्हातारीच्या खात्याचा ओटीपी परक्याच्या खिशांत वाजूं लागतो. म्हणून तिच्या दृष्टीनें रिचार्ज ही चैन नव्हे आणि केवळ सोयहि नव्हे.

या स्थितींत २३ डिसेंबर २०२४ रोजीं ट्रायनें एक नियम केला. केवळ बोलणें व संदेश यांपुरतें, डेटा नसलेलें, निदान एक व्हाउचर प्रत्येक कंपनीनें बाजारांत ठेवलें पाहिजे. आणि अशा व्हाउचराची मुदत पूर्वीं नव्वद दिवसांवर जाऊं शकत नसे, ती आतां ३६५ दिवसांपर्यंत ठेवतां येईल. हा नियम करितांना खेड्यांतील लोक, वृद्ध माणसें आणि घरीं ब्रॉडबँड असलेलीं कुटुंबें यांचा विचार केल्याचें ट्रायनें सांगितलें. जानेवारी २०२५ मध्यें अशीं व्हाउचरें आलीं. जुन्या पॅकमधून डेटा तेवढा काढला आणि किंमत फारशी उतरविली नाहीं अशी ओरड प्रथम झाली; नंतर कांहीं दर खालीं आले. तेव्हां केवळ 'डेटावांचून' हा शब्द पाहून भुलण्यांत अर्थ नाहीं. किंमतीस दिवसांनीं भागावें, एका दिवसास काय पडतें तें पाहावें, आणि मग ठरवावें. वर्षाचें व्हाउचर दिवसास स्वस्त पडत असलें तरी एकदम हजारांहून अधिक रुपये काढणें मजुरी करणाऱ्या घरास जमेलच असें नाहीं. गरिबास किरकोळींत महाग घ्यावें लागतें, हा वाण्याच्या दुकानांतील अनुभव येथेंहि येतो. दुसरा एक जुना नियम फार थोड्यांस ठाऊक असतो. नव्वद दिवस वापर न झालेल्या नंबरावर वीस रुपये शिल्लक असतील तर ते कापून घेऊन नंबर आणखी तीस दिवस राखला जातो. दुसऱ्या सिमवर काम चालविणाऱ्यास हे वीस रुपये उपयोगी पडतात.

आतां खरा प्रश्न असा कीं, डेटा काढून टाकल्यावर या महागड्या यंत्रांत उरतें काय? पुष्कळांची समजूत अशी कीं, डेटा बंद केलेला स्मार्टफोन हा साध्या बटणांच्या फोनाहून कांहीं अधिक नव्हे. ही समजूत चुकीची आहे. फोन जें जें करितो त्यांतील बरेंचसें तो कोणास कांहीं न विचारतां करितो.

दिशा दाखविण्याचेंच उदाहरण घ्यावें. पृथ्वीपासून सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवर जीपीएसचे उपग्रह फिरत आहेत. प्रत्येक उपग्रह आपली जागा कोणती व आपल्या घड्याळांत किती वाजले, हें अखंड सांगत असतो. ही एक दवंडी आहे. दवंडी पिटणारा ती किती जणांनीं ऐकली याची मोजदाद ठेवीत नाहीं व ऐकणाऱ्याकडून पैसे मागत नाहीं. रेडिओचें केंद्र तरी दुसरें काय करितें? फोन ही दवंडी ऐकतो, निदान चार उपग्रहांच्या वेळांतील सूक्ष्म फरक मोजतो, आणि त्यावरून आपली जागा स्वतःशींच काढतो. उपग्रहाकडे तो एक अक्षरहि पाठवीत नाहीं. तेव्हां सिम काढून टाकलें तरी ही क्रिया चालू राहते.

मग डेटा बंद करतांच जीपीएस बिघडलें असें लोकांस कां वाटतें? त्याचें कारण गंमतीचें आहे. आकाशांत या घटकेस कोणता उपग्रह कोठें असेल याचें वेळापत्रक फोनास लागतें. डेटा असला तर तें क्षणांत इंटरनेटवरून येतें. नसला तर तें उपग्रहाच्या तोंडूनच ऐकावें लागतें. आणि उपग्रह फार सावकाश बोलतो. सेकंदास पन्नास बिट हा त्याचा वेग. एका उपग्रहाची स्वतःची माहिती पुरी ऐकण्यास अर्धें मिनिट लागतें, आणि साऱ्या उपग्रहांची ढोबळ यादी ऐकावयाची तर साडेबारा मिनिटें. म्हणून बरेच दिवस बंद असलेला फोन मोकळ्या आभाळाखालीं कांहीं मिनिटें शांतपणें धरावा लागतो. ताम्हिणीच्या दाट झाडींत व उभ्या कड्यांच्या कुशींत आभाळ तुकड्यानेंच दिसतें, त्यामुळें तेथें अधिक थांबावें लागतें. घाईचा मनुष्य दोन मिनिटें पाहतो आणि यंत्रास नांवें ठेवून फोन खिशांत टाकतो.

जागा कळली तरी नकाशा नसेल तर ती दोन आंकडे एवढीच राहते. नकाशा आधीं उतरवून घेतला पाहिजे. गुगलच्या नकाशांत हवा तेवढा प्रदेश निवडून साठवितां येतो. ऑर्गॅनिक मॅप्स व ऑस्मअँड हीं ॲपें तर मूळचींच या कामासाठीं केलेलीं आहेत आणि त्यांचा नकाशा जगभरच्या हौशी लोकांनीं मिळून काढलेला आहे. तैलबैला, घनगड या बाजूस जाणाऱ्यांस त्यांत डोंगरांतील पाऊलवाटाहि पुष्कळ सांपडतात. पाऊलवाट नकाशांत असली म्हणजे पावसांत ती जागेवर असतेच असें मात्र समजूं नये. त्या बाबतींत गुराख्याचा शब्द अधिक प्रमाण.

साठविणें ही कल्पना मुळशीच्या माणसास शिकवावी लागत नाहीं. मृगाच्या आधीं सरपण, गोवऱ्या, मीठ-मिरची घरांत भरून ठेवण्याची तेथें पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. धुवांधार पावसांत बाजार गांठण्याचा भरंवसा नसतो. फोनाचीहि अशीच बेगमी करितां येते. जेथें वाय-फाय मिळेल तेथें एका बैठकींत जें लागणार तें भरून घ्यावें आणि मग महिना-दोन महिने तें वापरावें. मुलांचीं बालभारतीचीं पुस्तकें ई-बालभारतीच्या स्थळावरून विनामूल्य उतरवितां येतात. किविक्स नांवाचें ॲप आहे. त्यांत १ मे २००३ रोजीं सुरू झालेला मराठी विकिपीडिया सबंध साठवून इंटरनेटवांचून वाचतां येतो. पंधरा रुपये भरून घेतलेला डिजिटल सहीचा सातबारा एकदां फोनांत ठेवला कीं तो दाखविण्यास पुन्हां नेट लागत नाहीं. भाषांतराच्या ॲपांत मराठी भाषेची फाईल उतरवून ठेवली तर इंग्रजींतील औषधाची चिठी घरबसल्या थोडीफार उलगडते. हें सारें एकाच्या फोनांत आलें म्हणजे शेजाऱ्यास पुन्हां वाय-फाय शोधावयास नको. जवळ जवळ धरलेले दोन फोन आपसांत फाइली देऊं घेऊं शकतात आणि त्यास कंपनीचा पैसा पडत नाहीं.

वाय-फाय मिळावें कोठें, हा प्रश्न राहतो. पुणें स्टेशनासारख्या मोठ्या स्थानकांवर रेलटेलचें वाय-फाय पहिलीं तीस मिनिटें फुकट असतें. डिसेंबर २०२० मध्यें केंद्र सरकारनें पीएम-वाणी ही योजना मंजूर केली. तींत चहाच्या टपरीवाल्यासहि परवान्यावांचून वाय-फाय पुरवितां यावें अशी व्यवस्था आहे. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याचें भारतनेटचें काम २०११ पासून चालू आहे. तार पंचायतीच्या भिंतीपर्यंत आली म्हणजे ती गांवाच्या उपयोगीं पडलीच असें नाहीं. पेटी बंद, वीज गेलेली, किल्ली ज्याच्याकडे तो परगांवीं, असे प्रकार घडतात. पण जेथें ती नीट चालते तेथें दुसरा एक लाभ आहे. बहुतेक नव्या फोनांत वाय-फाय कॉलिंगची सोय असते. डोंगराच्या सावलींत टॉवर दिसत नसला तरी वाय-फायवरून नेहमींच्याच नंबरानें बोलतां येतें. अनोळखी वाय-फायवर बँकेचें काम करूं नये, एवढें पथ्य पाळावें.

निरोपाचें साधन म्हणून साधा एसएमएस अजून चांगला आहे. रेंज क्षीण असतां बोलणें तुटतें, तेथें तो जातो. त्याची मर्यादा १४० बाइटांची. रोमन लिपींत त्यांत १६० अक्षरें बसतात. देवनागरींत केवळ ७०, कारण येथें प्रत्येक चिन्हास दुप्पट जागा लागते, आणि काना-मात्राहि निराळें चिन्ह म्हणून मोजला जातो. म्हणजे मराठींत मराठी लिहिणाऱ्यास निम्म्याहून कमी माल मिळतो. जुलै २०१३ मध्यें तारेची सेवा बंद झाली. तारेचे शब्द मोजून लिहिणारी ती जुनी पिढी आज असती तर या सत्तर अक्षरांत तिनें सहज निभावून नेलें असतें. पैसे पाठविण्याचेंहि इंटरनेटवांचून होतें. तारा-नऊ-नऊ-हॅश हा क्रमांक फिरविला कीं मराठींतून प्रश्न येतात आणि पांच हजार रुपयांपर्यंतची रक्कम पाठवितां येते. ही सेवा २०१४ पासून देशभर आहे. मार्च २०२२ मध्यें रिझर्व्ह बँकेनें साध्या फोनांसाठीं यूपीआय १२३पे आणलें. या सेवांत संभाषण मध्येंच तुटतें व पहिल्यापासून आरंभ करावा लागतो, ही उणीव आहे. पण म्हातारीस पौडाच्या बँकेपर्यंत एस.टी. चें भाडें खर्चून जावें लागत नाहीं.

एक दवंडी मात्र अशी आहे कीं तिच्यावर प्राण अवलंबून असतात. ३० जुलै २०१४ रोजीं याच पुणें जिल्ह्यांत, आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव दरडीखालीं गेलें, आणि गांव नाहींसें झाल्याचें प्रथम ध्यानांत आलें तें एस.टी. च्या चालकाच्या. ताम्हिणीस जुलै २०२४ मध्यें चोवीस तासांत ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अशा प्रदेशासाठीं सेल ब्रॉडकास्टची योजना महत्त्वाची आहे. २०२३ मध्यें फोन एकाएकीं मोठ्यानें किंचाळले व पडद्यावर चाचणीचा इशारा आला, तो हाच प्रकार. त्यांत कोणाचा नंबर लागत नाहीं, डेटा लागत नाहीं. त्या टॉवरच्या टापूंतील सर्व फोनांस तो एकदमच ऐकूं येतो. सेटिंगमध्यें हा इशारा कोणी कंटाळून बंद केला असेल तर तो पुन्हां चालू करावा. ज्या फोनांत एफएम रेडिओ आहे त्यांत इअरफोनची वायर खोंचून ठेवावी. ती वायरच त्याचा एरियल असते. खोल खोऱ्यांत एफएमहि डोंगराआड लपतें, हें मान्य करूनच हें सांगावयाचें.

येथपर्यंतच्या वर्णनावरून डेटा अनावश्यक आहे असें कोणी समजूं नये. २०२० च्या टाळेबंदींत शाळा फोनांत शिरल्या तेव्हां ज्यांच्या घरीं डेटा नव्हता तीं मुलें वर्गाबाहेर राहिलीं; त्यांस साठविलेलें पुस्तक पुरलें नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर चालू झालेल्या ई-पीक पाहणींत शेतकऱ्यानें स्वतः बांधावर उभें राहून पिकाचा फोटो काढावयाचा असतो. फोटो व जागा यांस नेट नको, पण ती नोंद सरकारदरबारीं पोंचविण्यास हवेंच. सरकारी कामें एकामागून एक फोनांत जात असतां फोनाचा खर्च ज्याचा त्यानें भागवावा, ही व्यवस्था न्यायाची कशी म्हणावी? शिवाय घरांत एकच डेटाचा पॅक असला तर तो बहुधा बाहेर जाणाऱ्या पुरुषाच्या फोनांत असतो, आणि घरीं राहणाऱ्या बाईच्या वांट्यास बिनडेटाचा फोन येतो. काटकसर कोणाच्या माथीं पडते हें पाहिल्यावांचून काटकसरीचें कौतुक करितां येत नाहीं.

तूर्त वाडीवर चालतें तें असें. आईच्या फोनांत बोलण्याचें व्हाउचर. मोबाईल डेटाचा खटका कायमचा बंद, म्हणजे चुकून पैसे कापले जावयाचे नाहींत. फोन घरांत रेंज लागत नाहीं म्हणून खिडकीच्या गजाला पिशवींत अडकविलेला, कारण तेवढ्या जागींच टॉवर दिसतो. शनिवारीं मुलगा येतो आणि आपला फोन त्याच खिडकींत ठेवून हॉटस्पॉट चालू करितो. रात्रभर आईच्या फोनांत नातवंडांचे फोटो उतरतात, नकाशा ताजा होतो, धाकट्या पुतणीचें सहावीचें विज्ञानाचें पुस्तक येतें. सोमवारीं पहाटेच्या एस.टी. नें मुलगा जातो. नंतरच्या आठवड्यांत खिडकींतल्या पिशवींतून फक्त त्याचा आवाज येतो, आणि फोटो बघावयाचे झाले कीं म्हातारी पिशवी काढून ओट्यावर घेऊन बसते.